मरतुकडीचं खळं

लाल दिव्याच्या खोलीत गेलं की मला डोळे मिटून उन्हात उभं राहिल्यासारखं वाटायचं. तोच रंग, तशीच ऊब. तिथे मी आपोआप हळू बोलायचे, जणू कोणीतरी झोपलंय आणि आपल्या आवाजानं ते कूस बदलेल.

झोपलेली असायची बुरशी!

माझी मोहिनीआत्या जळगावच्या एका कॉलेजात बुरशीवर पीएचडी करतेय. आमचं घर असोद्याला आणि माझी शाळा जळगावात, म्हणून शाळा सुटली की मी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसते आणि मग तिच्या स्कूटीवरून घरी जाते. नववीपर्यंत नुसतीच बसायचे. दहावीत आल्यापासून प्रश्न विचारते. इतके, की आत्या म्हणते, "तू घे माझा ॲप्रन, मी जाते तुझ्या शाळेत."

केळीचा घड कापला की खोड बांधावर फेकून देतात. त्या खोडात धागे असतात, थेट रेशमासारखे, पण एका डिंकानं एकमेकांना घट्ट चिकटलेले. आत्याची काळी बुरशी हा डिंक विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवते. शिळ्या भाकरीवर काजळी धरते ना, तिच्याच नात्यातली ही. पण भारी चिक्कू! विकर सोडते ते थेंब थेंब. आत्याला सढळ हाताची बुरशी हवी होती.

तशी कुठे मिळत नाही, घडवावी लागते. बुरशीचे बीजाणू पाण्यात कालवायचे, काचेच्या थाळ्यांमध्ये पसरायचे आणि थोडा वेळ अतिनील दिव्याखाली ठेवायचे. त्या किरणांनी बीजाणूंच्या आतली मांडणी विस्कटते. बहुतेक सगळे मरतात. जे जगतात, त्यांतल्या एखाद्यातच नेमकी आपल्या कामाची चूक होऊन बसते. पुस्तकात 'उत्परिवर्तन' पाठ करताना मला जांभया आल्या होत्या. पण पेटीच्या काचेआड तो जांभळट उजेड पहिल्यांदा पाहिला, आणि रात्री स्वप्नात आमच्या केळीच्या बागेवर तसाच उजेड पडत होता. प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं होत होतं. मी पण होत होते.

किरण दिल्यावर मात्र थाळ्या अंधारातच ठेवायच्या. साधा उजेड लागला की बीजाणू स्वतःची मोडतोड दुरुस्त करून घेतात आणि पुन्हा होते तसे होतात. लाल उजेडात तसं होत नाही, म्हणून ती लाल दिव्याची खोली.

आत्याच्या जिवाला एक घोर होता. तिचे मार्गदर्शक लीलाधर सर तिला म्हणाले होते, "मोहिनी, तीन वर्षं झाली. दिवाळीपर्यंत एक तरी चांगली जात दाखव, नाहीतर विषय बदलू." विषय बदलायचा म्हणजे तीन वर्षांवर बोळा फिरवायचा. दिवाळीआधी एकच फेरी बसत होती.

कपाटात जागा नव्हती, म्हणून त्या फेरीच्या थाळ्या आम्ही उघड्या फळीवर मांडल्या, काही पुढे, काही मागे खोक्यांच्या आडोशाला. लाल दिवा बंद करून निघालो. काही दिवसांनी आत्यानं त्या बाहेर आणल्या आणि बघतच राहिली. पुढच्या थाळ्या ठिपक्यांनी गच्च! जिथे चार-दोन वाचायचे, तिथे जत्रा भरलेली.

"इथे कोणी ट्यूबलाइट लावली?" आत्या थाळी उंचावून म्हणाली.

सुगंधाबाई फरशी पुसत होत्या. त्या प्रयोगशाळेची झाडलोट करतात, मूळच्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी मान वर करून सरळ सांगितलं, "मीच लावी. तिन्हीसांजले कोनी अंधार ठेवस का? बठ्ठ्या खोल्यास्मा लावस, तठेबी लावी. लक्ष्मी दारवर उभी ऱ्हास, पोरी."

"मावशी, अहो, त्या उजेडानं सगळी बुरशी बरी झाली!"

"मंग चांगलंच शे ना!"

आत्याला रडावं की हसावं कळेना. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. सुगंधाबाईंना कळलं की काहीतरी बिघडलंय. त्या पोछा तिथेच टाकून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मी थाळ्या उजेडाकडे धरून बघत होते. थाळीतला थर दुधी असतो. बुरशीनं त्यातला डिंक खाल्ला की तिच्याभोवती पारदर्शक वर्तुळ पडतं, चंद्राला खळं पडतं तसं. जितकं खळं मोठं, तितकी बुरशी सढळ. पुढच्या एका थाळीत टपोरी, काळीभोर वसाहत होती आणि तिला हे एवढं खळं!

"आत्या, ही बघ!"

आत्यानं थाळी हातात घेतली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आशा आली. "सरांना हीच दाखवते," ती म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाली, "पण उजेडात बरी झालेली..."

मी तोवर मागच्या थाळ्यांकडे वळले होते. खोक्यांच्या सावलीमुळे तिथे उजेड पोचलाच नव्हता. त्या जवळजवळ रिकाम्या होत्या. एकीच्या कडेला मात्र काहीतरी होतं. फिकट, भुरकट, मोहरीएवढं. आजारी मांजराच्या पिल्लासारखं. मी थाळी तिरकी केली. त्या मोहरीभोवती खळं होतं, मोहरीपेक्षा कितीतरी मोठं.

"ही घे आत्या. ही मरतुकडी."

"ऋतिका, तिला नीट वाढता पण येत नाहीये."

"पण अंगापेक्षा खळं मोठं आहे! तुझ्या त्या सुंदरीला उजेड मिळाला, ती लवकर बरी झाली, म्हणून आधीपासून खातेय. हिनं तर आत्ता कुठे डोळे उघडलेत आणि तरी एवढं खाल्लंय." मागच्या वर्षी मी असं कोणाला बोलले नसते. आत्याला तर नाहीच. पण आता शब्द येऊन ओठांवर उभेच राहतात, काय करू?

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "वकील हो तू," ती म्हणाली आणि दोन्ही बुरशींचे थोडेथोडे बीजाणू नव्या थाळ्यांत पेरले.

एकदा खळं दिसून भागत नाही. बदल खरा असेल तर तो पुढच्या पिढ्यांत उतरायला हवा. त्या दिवसांत मला झोपेतही थाळ्या दिसायच्या. काळ्याशार आभाळात दुधी चंद्र एकेक करून उगवायचे आणि मी कोणाला खळं आहे ते बघत बघत, पाय न टेकता, केळीच्या पानांवरून चालत जायचे. शाळेत गणिताच्या बाईंनी वर्तुळाची स्पर्शिका काढायला सांगितली, तर मी वर्तुळाभोवती आणखी एक वर्तुळ काढून ठेवलं.

सुंदरी पहिल्या पिढीत झोकात वाढली. दुसऱ्या पिढीत तिचं खळं बारीक झालं आणि पुढे ती अगदी जुन्या बुरशीसारखीच चिक्कू निघाली. मरतुकडी दर वेळी रडतखडत उगवायची, दर वेळी मोहरीएवढीच. पण खळं तेवढंच्या तेवढं! आत्यानं तिला खोडाच्या तुकड्यांबरोबर पाण्यात सोडलं आणि सरांना बोलावलं.

सर आले. आत्यानं आधी ट्यूबलाइटचं सांगून टाकलं, सगळंच. सुगंधाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग आत्यानं चिमट्यानं तुकडा बाहेर काढला, पाण्याखाली धरला आणि बोटांनी अलगद चोळला. गर वाहून गेला. मागे धागे उरले, पांढरे, मोकळे, एकात एक न गुंतलेले. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते इतके हलके होते की आत्यानं श्वास सोडला तरी हलत होते. सरांनी एक धागा घेतला, ताणला, बोटाला गुंडाळला.

"फार हळू वाढते ही," सर म्हणाले.

"हो सर. फार हळू."

"वाढीचं बघता येईल पुढे."

पुढे म्हणजे? आत्याला विचारायचा धीर होत नव्हता, मला तिचा चेहराच सांगत होता. मग मीच विचारलं, "सर, म्हणजे आत्याचा विषय हाच राहणार?"

आत्यानं मला चिमटा काढला.

"हाच," सर म्हणाले. "ही कोण, मोहिनी?"

"भाची, सर. ही मरतुकडी हिनंच शोधली."

आत्याचे डोळे भरले होते, पण हातातले धागे तिनं सोडले नाहीत. सर गेल्यावर सुगंधाबाई पुढे आल्या. थाळीवर वाकून, डोळे बारीक करून त्यांनी मरतुकडीला निरखून पाहिलं.

"हाईच का ती? एवढीशी?" त्या म्हणाल्या. "हिनाकरता मना जीव टांगेल व्हता! जरा खावाले घाल व तिले, पोरी."

आत्या खो खो हसत सुटली. मी ओले धागे तळहातावर घेतले आणि खिडकीशी गेले. ते उन्हात वाळत चालले होते आणि वाळता वाळता चकाकायला लागले होते.