चौदा नंबरची जागा

"हलतंय," आर्लेट म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या तिफेनला वाटलं, टेबल हलतंय. तिनं टेबलाला हात लावून पाहिला. "कुठं? काही हलत नाही."

आर्लेट सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली आणि तिनं नुसतं बोट दाखवलं. तिफेननं डोळा लावला. मक्याच्या पिठाच्या पिवळट लापशीवर न फुटलेली अंडी दिसायला हवी होती. तिथं अळ्या वळवळत होत्या. पाच-पंचवीस नव्हेत, सगळी वाटीच वळवळत होती.

"बाकीच्या वाट्या?"

"अकराच्या अकरा पाहिल्या. सगळ्या अशाच."

तिफेन स्टुलावर बसली. तीस वर्षांची पोरगी, पण त्या क्षणी तिचा चेहरा पन्नाशीच्या बाईसारखा दिसला. "मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, मीच घोळ घातला. आई-बापांची अदलाबदल केली."

"म्हणाले होते."

"आणि या वेळी?"

"या वेळी मी स्वतः लावलं. चौदा नंबरच्या कोवळ्या माद्या, बाहेरचे नर. माझ्या हातानं." आर्लेटनं हात पुढे केले, जणू त्यांचीच साक्ष काढायची होती.  

चौदा नंबर म्हणजे शांतमेर्लच्या फळमाश्या. १९३८ साली त्या गावातल्या एका द्राक्षाच्या दारूच्या तळघरातून कुणी धरून आणलेल्या. तेव्हापासून त्या कापसाच्या बोळ्यानं बंद केलेल्या काचेच्या नळ्यांतच जन्मल्या आणि मेल्या. मधल्या काळात बाहेरच्या माश्यांत एक भटका जनुक शिरला. स्वतःच्या प्रती काढत तो जिथं तिथं उड्या मारतो आणि उडी पडेल तिथलं मोडून ठेवतो. बाहेरच्या माश्या हळूहळू शहाण्या झाल्या. तिथली प्रत्येक आई आपल्या अंड्यात आरएनएचे बारीक बारीक तुकडे ठेवून जाते. चोराचं वर्णन लिहून ठेवावं तसे. भटक्या उडी मारायला निघाला, की त्या वर्णनावरून ओळखला जातो आणि जागच्या जागी गप्प होतो. शांतमेर्लच्या आयांनी चोर पाहिलेलाच नव्हता. लेकींना द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. म्हणून त्यांना बाहेरचा नर दिला, की होणाऱ्या मुली दिसायला धडधाकट, अंडीही भरपूर घालायच्या, पण त्यातून बाहेर काही येत नसे.

त्या वांझपणावरच तिफेनची तीन वर्षं उभी होती. ज्यांना काहीच ठाऊक नाही अशा आया तिला हव्या होत्या, आणि अशा आया आता फक्त इथं, क्लेरमाँच्या प्रयोगशाळेत, या फळीवर उरल्या होत्या. परदेशात एके ठिकाणी होत्या, ते खातं कधीच बंद पडलं होतं.

आर्लेट आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी सगळ्या नळ्या पालटायच्या. जुनी नळी टेबलावर ठोकायची, नव्या नळीवर उलटी धरायची, माश्या खाली उतरल्या की बोळा. असे हजारावर गुरुवार झाले. फळाबरोबर बाहेरच्या माश्या येतात म्हणून माश्यांच्या मजल्यावर फळ आणायला बंदी होती आणि ती बंदी म्हणजे आर्लेट. एका बड्या पाहुण्या प्राध्यापकाला तिनं केळं घेऊन जिन्यात उभं केलं होतं आणि खाऊन झाल्यावर हात धुवायला लावले होते. घरी तिचा नवरा, रेमों, म्हणायचा, "लोकांच्या बायका सवतीवर जळतात. माझ्या बायकोच्या माश्यांपायी मला जर्दाळूसुद्धा अंगणात उभं राहून खावा लागतो."

"आर्लेट," तिफेन हळूच म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. तुमचा निकाल येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मी फ्रीजरमधल्या जुन्या माश्या तपासल्या. २०१०च्या ऑगस्टमधल्या स्वच्छ आहेत. २०११च्या जानेवारीतल्या नाहीत. त्यांच्यात तो भटक्या शिरलाय. आणि आताच्या अंड्यांत ते बारीक तुकडेसुद्धा भरपूर आहेत. या आया शिकल्यात."

 खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. आर्लेटला तो खडखडाट फार लांबून आल्यासारखा ऐकू आला.

तेवढ्यात विभागप्रमुख वेसिएर आत आले. दोघींचे चेहरे पाहून त्यांनी वाटीत डोकावलं. तिफेननं फ्रीजरमधल्या माश्यांच्या तारखा त्यांना सांगितल्या.

"म्हणजे दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "दुसरा संच? खालच्या थंड खोलीतला?"

"तो २०११च्या उन्हाळ्यात मेला, कपाट बिघडलं तेव्हा," तिफेन म्हणाली. "वरच्यातूनच पुन्हा भरला."

"म्हणजे तोही गेला." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ऑगस्ट ते जानेवारी. नोव्हेंबरात आपण जुन्या इमारतीतून इकडे आलो. हमाल, खोकी, दारं सताड उघडी. तेव्हाच झालं असणार. तसं लिहून टाकू."

"तेव्हा नाही झालं," आर्लेट म्हणाली.

"मादाम शासें, ते कुणालाच सांगता यायचं नाही."

"मला येईल. सोळा सप्टेंबर. गुरुवार."

ती उभीच होती. बसली असती तर तिला बोलता आलं नसतं.

"रेमों दवाखान्यात होता. सकाळी त्याच्याजवळ बसले होते. त्याच्या बहिणीनं आलुबुखार आणले होते, पिवळे, घरच्या झाडाचे. त्याला गिळवत नव्हतं. म्हणाला, घेऊन जा, इथं सडतील. आणि म्हणाला, आज गुरुवार ना, तुझ्या त्या नळ्यांतल्या बायका खोळंबल्या असतील. मी पिशवी घेऊन सरळ कामावर आले. पिशवी जुन्या इमारतीतल्या माश्यांच्या खोलीत आणली. मी. बाकाखाली ठेवली आणि पालटायला बसले."

तिफेन तिच्याकडे बघतच राहिली.

"चौदा नंबरला आले तेव्हा एक मादी नळीच्या काठावर चालत होती. मला वाटलं, माझ्या हातून निसटली. निसटलेली माशी परत घालायची नाही, अल्कोहोलमध्ये टाकायची. हे मीच सगळ्यांना शिकवलंय. तुलाही."

"पहिल्याच दिवशी," तिफेन म्हणाली.

"त्या दिवशी काही मारवेना गं पोरी. मी तिला बोटानं आत ढकललं आणि बोळा लावला." ती थांबली. "संध्याकाळी रेमों गेला. नंतर त्या माशीची मला आठवणसुद्धा झाली नाही. आत्ता तू महिना सांगितलास तेव्हा दिसली. अंड्यांनी पोट चांगलं भरलेलं होतं तिचं. आलुबुखारांवरून आलेली."

वेसिएर खिडकीकडे गेले. चाळीस वर्षं एकाच विभागात काढून दोघांनी एकमेकांचं 'तुम्ही' सोडलं नव्हतं. "तुमच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिलेत," ते पाठमोरेच म्हणाले. "हमालांचं नाव लावलं तर कुणाचं काही बिघडत नाही."

"हमालांचं बिघडतं. आणि हिला तारीख लागेल. आया शिकायला किती पिढ्या लागल्या ते तारखेशिवाय कसं मोजणार ही?"

तिनं फळीवरची वही काढली, त्या गुरुवारचं पान उघडलं. तिथं तिच्याच अक्षरात 'ठीक' असं लिहिलेलं होतं. तिनं ते खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बाहेरची एक मादी आत घातली,' आणि आपलं पूर्ण नाव घातलं.

"तीन वर्षं, आर्लेट," तिफेन म्हणाली. आवाजात राग होता, पण तो नीट वर येत नव्हता. "मी ओरडले तर चालेल?"

"ओरड. ओरडायलाच हवं."

तिफेन ओरडली नाही. वाट्यांवर झाकणं ठेवत राहिली. जरा वेळानं तिनं विचारलं, "आलुबुखारांचं काय केलंत?"

"पिशवी घरी नेली. पंधरा दिवस तशीच दाराला टांगलेली होती."

वेसिएर निघून गेले. जाताना त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

तो दिवसही पालटायचा गुरुवारच होता. सकाळीच आर्लेटनं लापशी शिजवून तीस नळ्या भरून ठेवल्या होत्या. तिफेन म्हणाली, "राहू द्या आज, मी करते." आर्लेटनं ऐकलं नाही. कोपर टेबलावर टेकवून तिनं पहिली नळी ठोकली. मग दुसरी. तिफेन पलीकडे बसून बोळे देत राहिली.  तेरा झाल्या.

चौदा नंबर आर्लेटनं उचलली, उजेडाकडे धरली. आत माश्या वरखाली करत होत्या. पूर्वी दिसायच्या तशाच. तिनं ती न ठोकता तिफेनच्या हातात दिली, आणि तिफेननं ती फ्रीजरकडे नेली.

मग पंधरा, सोळा, थेट तीसपर्यंत.

टेबलावर ताज्या लापशीची एक नळी उरली होती, अजून कोमट. आर्लेटनं तिला बोळा लावला, पुसली, आणि फळीवर तेरा आणि पंधराच्या मध्ये ठेवली.