हिरवा ठिपका

मी आणि माझी मैत्रीण अक्षदा एकाच गाइडकडे ऑनलाइन पीएचडी करतो. ती माटुंग्याला, एसी खोलीचं दार लावून लिहिते. मी काळाचौकीच्या चाळीत, सासूबाईंच्या हाका आणि मंडळाचे ढोल ऐकत. मेलीचं तिसरं प्रकरणही गाइडकडे गेलं, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. मग मी स्वयंपाक करतानाही पीएचडीच्या पोर्टलवर लॉगिन चालू ठेवायला लागले. माझ्या नावापुढचा 'ऑनलाइन'चा हिरवा ठिपका बघून तिचाही जीव वरखाली होऊ दे!

काल तिचा फोन आला. "प्रबंध सबमिट झाला गं! तुझा ठिपका कधी विझायचाच नाही, त्या धास्तीने मी लिहीतच सुटले. तुझं कुठवर आलं?"

लॅपटॉपवर माझं पहिलंच प्रकरण उघडं होतं, आणि तव्यावर भाकरी करपत होती.