कान गेला, वाटाणा राहिला

मी एक जुना, चिनीमातीचा कप आहे. मला कान नाही. मित्रांनो, तुम्ही मला कानाला धरूनच उचलायला जाल, म्हणून आधीच सांगितलं.

भट्टीतून निघालो तेव्हा कान होता, काठावर निळी रेघ होती. पण चहा माझ्या नशिबी फार आला नाही. ज्या घरी आलो तिथल्या काकू लहान जातीची कुत्री पाळत आणि त्यांची पिल्लं विकत. एकदा काकांनी गंमत म्हणून एक पिल्लू माझ्यात बसवलं आणि फोटो काढला. झालं! मी माप झालो.

फोन येत. डोळे मोठे हवेत, नाक बसकं हवं आणि मुख्य म्हणजे, "कपात मावतं ना?"

काकूंची नजर वेगळी. त्या पिल्लाला जमिनीवर सोडून चाल बघत, गुडघे चाचपत, ऐकू येतं का म्हणून मागून टाळी वाजवत. शेवटी डोक्यावर अलगद अंगठा फिरवत. "टाळू भरल्याशिवाय पिल्लू दाराबाहेर जाणार नाही," असं त्या बजावत.

किती पिल्लं बसली माझ्यात! त्यांच्या पोटाची ऊब चहापेक्षा जास्त टिकायची. अजूनही दुपारी घर शांत झालं की

इथला माझा टवका उडाला आहे. पुढे सांगतो.

वाटाणा नावाचं पिल्लू सगळ्यांत लहान. त्याची टाळू मऊच होती. एक नवरा-बायको आले आणि त्याच्यावरच अडून बसले.

"दुसरं बघा. हा अजून कच्चा आहे," काकू म्हणाल्या.

"पण हाच कपात मावतो. वाढू नये म्हणून खायला कमी घातलं तर?" बाईंनी विचारलं.

"मुलाचे बूट लहान होऊ नयेत म्हणून त्याला उपाशी ठेवता का हो?"

नवरा हसला. बाई नाही हसल्या. "एक फोटो तरी," म्हणत त्यांनी वाटाण्यासकट मला कानाला धरून उचललं. कपाचा कान चहाच्या वजनाचा असतो, मित्रांनो, जिवाच्या नाही. तो निखळला.

काकूंचे दोन्ही हात पुढे आले. त्यांत एकच काहीतरी मावणार होतं. मी चटईवर आपटलो.

बाईंच्या बोटांत माझा कान तसाच होता. वाटाण्याला छातीशी धरून काकू म्हणाल्या, "तो कान न्या घरी. वाढणार नाही."

त्यानंतर माझ्यात पिल्लू बसलं नाही. वाटाण्याची टाळू सावकाश भरली, पण तोवर काकूंचा जीव त्याच्यात अडकला होता. आता त्याच्या तोंडावरचे केस पिकलेत. त्याचं पाणी माझ्यातच असतं. पूर्वी तो सगळा मावायचा, आता जेमतेम तोंड मावतं.

मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा माप घरीच ठेवा. त्याला जमिनीवर सोडा, तुमच्याकडे कसं चालत येतं ते बघा. आणि मग वाढू द्या.

वाटाणा येतोय. गप्प बसतो. हललो तर त्याचं पाणी सांडेल.