बदललंत, तर साठवा

तारमास्तरांना अख्ख्या कचेरीत एकच वाक्य बोलता येतं, असं लोक म्हणत: "बदललंत, तर साठवा." कपाटातल्या स्विचवर, म्हणजे सगळ्यांच्या संगणकांच्या तारा ज्यात येतात त्या चोवीस भोकांच्या डब्यावर, त्यांनी हे वाक्य चिकटवलंही होतं. कारण डब्याची स्मरणशक्ती अर्धवट. केलेला बदल लगेच लागू होतो, पण फाइलमध्ये साठवला नाही आणि वीज गेली, की डबा जुनीच फाइल उघडून बसतो.

त्या फाइलमध्ये कुठल्या भोकात कोणाची तार आहे ते लिहायचं असतं. मास्तरांनी तरुणपणी तिथे मनातलं लिहिलं होतं. पाचवं 'झोपाळू'. नववं 'कायम चहाला'. बारावं, आवक-जावकच्या बाईंचं, 'भांडखोर, अंतर ठेवा'. पुढे अंतर काही राहिलं नाही. बाईंशीच लग्न झालं. पहिलं भोक स्वतःचं. त्यापुढे 'अत्यंत हुशार'.

आज नव्या साहेबांनी फर्मान काढलं: चार वाजता ही फाइल छापून भिंतीवर लावा. मास्तरांना बारावं भोक आठवलं. नोकरी एक वेळ दुसरी मिळेल, पण घर एकच होतं. जेवण सोडून त्यांनी चोवीसही ओळी बदलल्या. बाराव्यापुढे 'सुस्वभावी' लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन हात धुवायला गेले. साठवायचं राहिलं.

तेवढ्यात बाई आल्या. नवरा उकाड्यात बसतो म्हणून त्यांनी टेबलफॅन आणला होता. त्याच्या प्लगला जागा हवी म्हणून त्यांनी डब्याचा प्लग काढून दुसरीकडे लावला आणि निघून गेल्या.

मास्तर परतले, गार वाऱ्यात सुखावले, आणि न बघता फाइल छापायला दिली. कचेरीत प्रिंटर एकच, तोही आवक-जावकच्या टेबलाजवळ. आलेला कागद वाचल्याशिवाय त्यावर शिक्का मारायचा नाही, हा बाईंचा बावीस वर्षांचा नेम.

शिक्का मारलेला कागद घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. "अहो, ही भांडखोर कोण?"

"ते लग्नाआधीचं आहे गं."

"वर शेवटचं साठवल्याची तारीख आहे. लग्नानंतरचा तिसरा दिवस."

बाईंनी मास्तरांना खुर्चीवरून उठवलं. "कसं बदलायचं, सांगा."

मास्तर निमूट सांगत गेले. बाकीच्या भोकांपुढे बाईंनी सरळ नावं घातली. बाराव्याशी थांबल्या. "भांडखोर राहू द्या, खरंच आहे ते," म्हणाल्या आणि फक्त 'अंतर ठेवा' पुसलं. मग पहिल्या भोकाकडे वळून त्यांनी 'अत्यंत हुशार' खोडलं आणि लिहिलं, 'विसराळू, बारा नंबरला विचारा'.

मास्तरांनी प्लगकडे आशेने पाहिलं. पण बाईंनी डब्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, आणि साठवलं.