खिळ्यावरचा विंडचीटर

मित्रांनो, मी एक जुना विंडचीटर आहे. थंडीत सायकलवर जाताना सगळ्यात वरून घालायचा, वारा अडवणारा, नारिंगी. रंग विटला आहे, कोपरांवर पापुद्रे सुटले आहेत, पण पुढची चेन अजून एका ओढीत गळ्यापर्यंत जाते. सध्या मी एका बंद खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरून एका कारागिराने माझ्यासारख्या कितीतरी जणांचे हात, गळे आणि पाठी एका दमात कापून काढल्या. मग एका बाईने माझ्या शिवणींवर आतल्या बाजूने पट्टी गरम करून दाबली, म्हणजे टाक्यांच्या भोकांतून वारा शिरायला नको. तिला सडकून सर्दी झाली होती. नाक ओढत ओढत ती दिवसभर दुसऱ्यांच्या उबेची सोय करत होती. माझी घडी घालताना तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला पेटीत टाकलं.

दुकानात मी बराच काळ पडून राहिलो. लोक मला उचलायचे, हातावर तोलायचे आणि "हा काय, कागद आहे नुसता!" म्हणून परत ठेवायचे. माझ्या शेजारचे जाडजूड, कापूस भरलेले कोट मात्र भराभर जायचे. मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

मग एका दुपारी एक जोडपं आलं. नवरा इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर सांभाळायचा. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनींनी माझं कापड तोंडाशी धरलं, पलीकडून तळहात लावला आणि गाल फुगवून फुंकर मारली.

"बघा. हाताला काही लागत नाही."

"अगं, पण केवढा पातळ! कुडकुडून मरू का मी?"

"ऊब तुमच्या अंगात आहेच. वारा ती पळवून नेतो. हा त्याला दारातच अडवेल. आत काय घालायचं ते मी बघते."

मग त्यांनी मिस्त्रींना माझ्यासकट दुकानातल्या स्टुलावर बसवलं आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले. "वाका. आणखी वाका. रस्त्यावर असे राजासारखे ताठ बसता का?" मिस्त्री लाजून लाल झाले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "घंटीपण वाजवा, मिस्त्री!" सगळं दुकान हसलं. पण माझ्या बाह्या मनगटावरून सरकल्या नाहीत. वहिनींनी ते पाहिलं आणि मला काखेत मारलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला पारखून घेतलं होतं.

मिस्त्रींचं घर नदीच्या अलीकडे होतं. सकाळी पूल ओलांडायचा, मग टेकडीचा लांब चढ, आणि माथ्यावर इस्पितळ. पुलावर वारा असा झोंबायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. चढावर मात्र अंग तापायचं. बॉयलरच्या खोलीत भट्टीशेजारी दिवसभर घाम निथळायचा, आणि परतताना तेच ओलं अंग घेऊन उतारावर थंड वाऱ्यात सुसाट सुटायचं. खरा धोका त्या उताराचा होता.

वहिनी हे ओळखून होत्या. लग्नाआधी त्या वडिलांबरोबर सायकलवरून घरोघर दूध पोहोचवायच्या. सकाळी मिस्त्री चहा पीत असताना त्या खुर्चीवर कपडे मांडून ठेवायच्या. सगळ्यांत आत पातळ लोकरीचं बनियन. "सुती नको, सुती कापड घाम धरून बसतं." कडक गारठा असेल तर त्यावर स्वेटर, नाहीतर नाही. मग मी. कान झाकणारी टोपी, हातमोजे. मफलर कधीच नाही, तो चाकात जाईल म्हणून त्यांनी गळ्यासाठी लोकरीची नळी विणली होती. आणि पिशवीत, परतताना घालायला, एक कोरडं बनियन.

"मी माणूस आहे की कांदा?" मिस्त्री कुरकुरायचे.

"कांदाच आहात. सोलायला गेलं की मीच रडते," वहिनी म्हणायच्या.

दारात उभं राहून त्या विचारायच्या, "थोडी थंडी वाजतेय?"

"वाजतेय की!"

"मग बरोबर. दारातच ऊब वाटली असती तर चढावर घाम फुटला असता. निघा आता."

धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एकदा माझ्या बाहीला हात लावून म्हटलं, "मिस्त्री, आम्हालाही कोणी असे रोज कपडे काढून ठेवले असते, तर कशाला पाहिजे होतं आणखी काही!" मिस्त्री नुसते हसले. माझी मात्र कॉलर ताठ झाली. किती हिवाळे गेले, मोजले नाहीत. ते माझे सुखाचे दिवस होते आणि सुखात मोजायचं सुचत नाही.

त्यानंतरच्या एका हिवाळ्याआधी वहिनी आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

लेक दूरच्या शहरातून आली, राहिली आणि आपल्या मुलाबाळांकडे परत गेली. मग घरात मिस्त्री आणि दारामागच्या खुंटीवर मी, असे दोघेच उरलो. थंडी सुरू झाली. पहिल्या गार सकाळी मिस्त्री रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. चहा निवून गेला. मग त्यांनी कपाटातून हाताला लागेल ते काढलं. सुती सदरा, त्यावर दोन स्वेटर आणि वडिलांचा जुना जड ओव्हरकोट. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, हातही पुढे केला, पण तो तसाच मागे घेतला. दार लागलं. मी खुंटीवर हललो आणि थांबलो.

तो हिवाळा सुरू झाला तरी मी दारामागेच राहिलो. संध्याकाळी मिस्त्री घामाने भिजलेले यायचे आणि तसेच ओल्या सदऱ्यात बसून राहायचे. पाठीला हात लावून बघणारं कोणी नव्हतं. एकदा रेडिओवर कसलीशी गमतीची बातमी लागली. ते "अगं" म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळले. मग त्यांनी रेडिओ बंद केला. त्यानंतर घरात फक्त त्यांचा खोकला ऐकू यायचा. रोज जरा जास्त.

एके दिवशी दुपारीच दार उघडलं. इस्त्रीवाल्या बाई मिस्त्रींना धरून आत आणत होत्या. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की अंगात कणकण होती म्हणून मिस्त्री लवकर निघाले, आणि पुलावर पोहोचेपर्यंत त्यांना अशी हुडहुडी भरली की सायकल टाकून कठड्याशी बसले. सकाळची पाळी संपवून मागून येणाऱ्या बाईंनी त्यांना पाहिलं.

बाईंनी ओव्हरकोट उतरवला. तो घामाने दगडासारखा जड झाला होता. सदरा पिळला तर पाणी निघालं असतं. कोरडे कपडे शोधताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा इथे आहे? मग घालत का नाही तुम्ही?"

मिस्त्रींनी पांघरूण छातीशी ओढून घेतलं. "तिने निवडला होता तो."

"निवडला होता ना? मग कोणासाठी? या खुंटीसाठी?"

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून रडले. वहिनी गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. बाईंनी त्यांना रडू दिलं, आणि चुलीवर पाणी ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. लेक पुन्हा आली. मिस्त्री उठून बसायला लागेपर्यंत हिवाळा अर्धा सरला होता. लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे. चला माझ्याकडे." मिस्त्री म्हणाले, "बॉयलर दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही गं. थोडे दिवस जाऊ दे."

कामावर परत जायच्या सकाळी त्यांनी स्वतः खुर्चीवर कपडे मांडले. चुकत चुकत. स्वेटर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. खिडकी उघडून हवा पाहिली आणि स्वेटर परत कपाटात टाकला. आत लोकरीचं बनियन, वर मी. माझी चेन त्यांनी गळ्यापर्यंत ओढली. दारात ते उगाच थांबले. कोणी काही विचारलं नाही. मग आम्ही निघालो. पुलावरचा वारा माझ्या छातीवर आदळला आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही. इतक्या महिन्यांनी अंगावर होतो, पण मित्रांनो, खरं सांगतो, आनंद झाला नाही. आमच्या दोघांच्या मध्ये एक जागा रिकामीच होती.

त्या दिवशी मिस्त्रींनी बॉयलरच्या खोलीत, भट्टीपासून थोडी लांब, एक दोरी बांधली आणि तिच्यावर आपलं कोरडं बनियन टांगलं. नंतर चादरी धुणाऱ्या बायकांना म्हणाले, "तुम्हीही आणा. ओल्या अंगाने उताराला लागू नका." आधी सगळ्या हसल्या. इस्त्रीवाल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी आपलं कोरडं पोलकं आणून टांगलं. हळूहळू दोरी भरली. सुट्टी झाली की मिस्त्री दाराशी उभे राहायचे. "बदललंत? हातमोजे कुठे आहेत? आत सुती घातलंय ना? उद्या लोकरीचं घाला." लोक त्यांना चिडवायला लागले, "मिस्त्री, तुम्ही आमच्या सासूबाई झालात!" मिस्त्री म्हणायचे, "होऊ दे." घरी मात्र रेडिओ बंदच असायचा.

पुढे इस्पितळात विजेवर चालणारी नवी यंत्रं आली. बॉयलर थंड झाला. मिस्त्रींचा शेवटचा दिवस ऐन उन्हाळ्यात आला. बायकांनी त्यांना फाटकापर्यंत पोहोचवलं. ऊन होतं, मिस्त्री नुसत्या सदऱ्यात निघाले, आणि थंडी सरल्यापासून बॉयलरच्या खोलीतल्या खिळ्यावर टांगलेला मी तिथेच राहिलो. ते मला विसरले असं मला वाटत नाही. उन्हात विंडचीटर कोण आठवतं? ते हिवाळ्यात आले असते. पण हिवाळ्याआधीच लेक त्यांना आपल्या शहरात घेऊन गेली. खोलीला कुलूप लावायला आलेला शिपाई ते कोणाला तरी सांगत होता. "तिथेही सकाळी सायकल काढतात म्हणे म्हातारबुवा," तो म्हणाला आणि हसला.

तेव्हापासून मी इथे आहे. भट्टी गार आहे. दोरी अजून बांधलेली आहे, तिच्यावर काही नाही. खिडकीच्या फुटक्या काचेतून वारा येतो. मी त्याला अडवत नाही, माझ्यामागे कोणी नाही. तिथल्या थंडीत मिस्त्रींच्या अंगावर काय असतं, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी असेल तर त्याला गरम पाण्यात टाकू नका, त्याच्यावर इस्त्री फिरवू नका. गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा. कोणी घालत नसेल तर ज्याला हिवाळ्यात बाहेर पडावं लागतं त्याला देऊन टाका. आणि आणखी एक करा. घरातून कोणी सायकल काढत असेल तर त्याच्या मागोमाग दारापर्यंत जा. माणूस हँडलवर वाकला की कमरेशी कपडा वर सरकतो आणि पाठीची एक पट्टी उघडी पडते. ती त्याला स्वतःला दिसत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसालाच दिसते. हाक मारून त्याला थांबवा, कपडा नीट खाली ओढा, आणि मग जाऊ द्या.