पंगतीत बजावलेला हुकूम

उकळत्या पाण्यातले कणकेचे गोळे, बाफले, झाऱ्याने काढता काढता शैलजा भडकलीच.

“मंगलाजी, तुमचे लोक कोर्टाची ऑर्डर द्यायला येतात की वरात घेऊन? फटफटी फाट्यापासूनच भोंगा वाजवत येते. तोवर हे मागल्या दाराने मक्यात गायब!”

ठाण्यातल्या नव्या हवालदारीणबाई मंगलाजी हसल्या, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

इंदूरची मिल बंद पडली, शैलजाचा नवरा दिनानाथ मानपूरजवळच्या या गावी शेतीवर आला, आणि मिलवरचा सगळा राग बायकोच्या पाठीवर काढू लागला. शेवटी तिला बाहेर काढून घराला कुलूपच घातलं. कोर्टाने हुकूम दिला की हात उगारायचा नाही, घरात राहू द्यायचं. पण कागद त्याच्या हाती पडेना, आणि तोवर ठाण्याचेही हात बांधलेले. मावशीच्या ओसरीत दिवस काढून शैलजाचा जीव विटला होता.

“आज श्रावणी शनिवारचा भंडारा. बसू द्या त्यांना पंगतीत,” ती म्हणाली. “बसले की वडीलधारे उठेपर्यंत उठायचे नाहीत. घरात कसेही वागोत, चार लोकांत रीत नाही मोडणार.”

मंगलाजी चुलीआड थांबल्या. दिनानाथने बाफला कुस्करला, डाळ ओतून घेतली, तुपासाठी मान वर केली, तर समोर खाकी वर्दी!

तो अर्धा उठला. पंगतीच्या टोकाला बसलेले संताजीबुवा, गावात वयाने सगळ्यांत मोठे, गरजले, “अरे, भरल्या पानावरून उठतोस?”

बसला बिचारा. बिचारा कसला म्हणा!

मंगलाजींनी हुकूम मोठ्याने वाचला, वर साध्या बोलीत समजावला. “आता हात उचलला, तर सीधे अंदर. समझे का भिया?”

“हात खरकटा आहे, मंगलाजी. बाद में घेतो ना.”

“डावा मोकळा आहे की! आणि घराची किल्लीपण द्या.”

सगळी पंगत बघत होती. दिनानाथने डाव्या हाताने कागद घेतला, खिसा चाचपून किल्ली काढून दिली. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने धुरावर ढकललं आणि पिशवी उचलून घराकडे निघाली.

दिनानाथची नुसती चुळबुळ. “बुवा, झालं का हो तुमचं?”

संताजीबुवांनी निवांत ढेकर दिला. “कोण वाढतंय रे तिकडे? आणखी एक बाफला आणा. गरम बघून आणा. आज मला काही जल्दी नाही.”

बुवांचा तो बाफला संपला, तेव्हा पलीकडे शैलजाच्या कौलांवर चुलीचा धूर दिसत होता.