फॉर्मवरची उंची

गेल्या वर्षी उंदीर चालत होते. यंदा ते जिना चढत होते. मणक्याच्या दुखापतीवरच्या वार्षिक वैद्यकीय परिषदेत पहिल्या दिवशी सकाळी कुणीतरी पडद्यावर उंदीर दाखवतोच. आधी त्याचा मज्जारज्जू तोडतात, मग जोडतात, मग तो चालतो, आणि हॉलमधले चारशे डॉक्टर टाळ्या वाजवतात. व्हीलचेअरवरची पंधरा-वीस माणसं असतात, तीही वाजवतात. माझा नवरा प्रबोध त्यातलाच एक. तो जरा जास्तच वाजवतो. मला त्या उंदरांचा राग येतो. त्यांची काही चूक नाही, हे मला कळतं.

आमचं हे तिसरं वर्ष. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटपासून बुओना व्हिस्टाच्या हॉलपर्यंत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, अर्धा-पाऊण तास लागतो, आणि प्रत्येक लिफ्टपुढे धडधाकट माणसांची रांग असते म्हणून एक तास. दाराशी गळ्यात अडकवायचे बिल्ले देतात. प्रबोधच्या बिल्ल्यावर ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’ असं असतं, माझ्यावर ‘केअरगिव्हर’. म्हणजे तो अनुभव घेतो आणि मी काळजी घेते. आमच्या सव्वीस वर्षांच्या संसाराचं इतकं आटोपशीर वर्णन आजवर कुणी केलेलं नाही. मूत्राशयावरचं सत्र दरवर्षी बरोब्बर जेवणाच्या आधी ठेवतात. कॉफीची टेबलं छातीएवढी उंच असतात, त्यामुळे ज्यांच्यासाठी परिषद भरते त्यांना कॉफी दुसऱ्या कुणीतरी आणून द्यावी लागते. मी आणून देते.

यंदा मात्र आम्ही भाषणं ऐकायला आलो नव्हतो. प्रबोधला उभं राहायचं होतं.

खालच्या मजल्यावर प्रदर्शन होतं, आणि तिथे एका कंपनीने एक यांत्रिक सांगाडा आणला होता. पायांना बाहेरून बांधायचा, कमरेला मोटर, हातात कुबड्या. कमरेखाली काहीच हलत नसलेला माणूस त्यात उभा राहतो, पाच-दहा पावलंही टाकतो. पंधरा मिनिटांचा एक प्रयोग, आणि दोन दिवसांत फक्त बारा जणांना संधी. प्रबोधने चार महिने आधी नाव नोंदवलं. हाडांच्या तपासण्या केल्या, डॉक्टरांचं पत्र आणलं, दंडांचे व्यायाम केले. आमची मुलगी ऋचा शिकायला मेलबर्नला आहे, तिने फोनवर इथल्या लाह-लेहच्या इंग्रजीत सांगितलं, “लेट बाबा ट्राय लाह, आई. व्हाय यू सो निगेटिव्ह?”

मी निगेटिव्ह नव्हते. मला भीती वाटत होती. तो पंधरा मिनिटं उभा राहील, मग त्याला परत बसावं लागेल, आणि त्या परत बसलेल्या माणसाला मला घरी न्यायचं होतं.

“उभं राहून करायचंय काय पण?” मी विचारलं होतं.

“वरच्या कप्प्यात काय आहे ते बघायचंय,” तो म्हणाला. तो असाच बोलतो.

आता फॉर्मबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथे झाला. मी एका बँकेत कागदपत्रं तपासते. पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि अर्जावर दुसरं असेल तर मी अर्ज परत पाठवते. मोठमोठे लोक माझ्यावर चिडतात, मला बरं वाटतं. तर प्रबोधने घरी बसून कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरला आणि एकदा नजर टाक म्हणून माझ्यापुढे सरकवला. उंचीच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, १७३ सेंटिमीटर. मी तो आकडा पाहिला, आणि ‘सबमिट’ दाबलं.

पाच फूट आठ इंच. हाच आकडा त्याने पुण्याच्या वधूवर मंडळाच्या फॉर्मवर लिहिला होता. तिथे सगळे दोन-अडीच इंच वाढवतात, त्यात विशेष काही नाही. माझ्या आईने माझ्या फॉर्मवर पाच-पाच लिहिलं होतं, कारण पाच-सात लिहिलं की स्थळं येत नाहीत. म्हणजे त्याने वाढवले, आम्ही घटवले, आणि कागदावर जोडा अगदी शोभून दिसला. दाखवायच्या कार्यक्रमात मी बसलेली होते. तोही बसलेला होता. नंतर दोनदा भेटलो, दोन्ही वेळा हॉटेलात. तो आधी येऊन बसायचा आणि मला आधी जायला सांगायचा.

लग्नात बोहल्यावर मात्र उभं राहावंच लागतं. मामाने दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीच्या आत मी गुडघे वाकवून उभी राहिले. आमच्याकडे हौशी मावश्या फार, त्यामुळे मंगलाष्टकं अकरा झाली. मान खाली घालून उभी राहा असं मला बजावलं होतं, म्हणून अंतरपाटाच्या खालून मला सगळं दिसलं. त्याचे पाय, पायांखाली पाट, आणि पाटाखाली आणखी एक पाट.

त्याबद्दल मी कधी बोलले नाही. सपाट चपला घालायला लागले. त्याच्या शेजारी उभं राहायची वेळ आली की एक गुडघा जरा सैल सोडायचा, याची सवय लागली. त्याला कळलंय असं कधी वाटलं नाही, आणि त्याला कळू नये यासाठी मी बरेच कष्ट घेत होते. माणसाचा स्वभाव चांगला होता. आमच्या दोघांतल्या चार सेंटिमीटरसाठी कशाला बोलायचं, असं मला वाटायचं.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीत तो कॉरिडॉरमध्ये आकाशकंदील लावत होता. छताला हूक आहे, तिथे. स्टुलावर चढला, टाचा उंचावल्या, तरी दोन बोटं कमी पडत होती. मी खाली वायरचं भेंडोळं घेऊन उभी होते. मी चढले असते तर ती दोन बोटं भरून निघाली असती. ‘उतर, मी लावते’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर सतरा वर्षं न बोललेली गोष्ट बोलल्यासारखी झाली असती. मी गप्प राहिले. तो आणखी जरा उंच झाला, स्टूल कलंडलं, आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांच्या कठड्यावर त्याची पाठ आदळली. पाठीचा अकरावा मणका. तेव्हापासून आम्ही कंदील लावलेला नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, ऋचालाही नाही.

तर, सव्वातीनची वेळ होती. स्टॉलवरची फिजिओथेरपिस्ट हुई मिन नावाची मुलगी होती, पंचवीस-सव्वीसची, चुणचुणीत. तिने प्रबोधला बाकावर आडवं केलं आणि टेपने मांड्या मोजल्या, पोटऱ्या मोजल्या. मग टॅब्लेटवर पाहिलं आणि पुन्हा मोजलं. सांगाडा बाजूला टांगलेला होता, आदल्या रात्रीच फॉर्मवरच्या मापाने जुळवून ठेवलेला.

“अंकल, फॉर्मवर हाइट वन सेव्हन्टी थ्री आहे. शुअर अ?”

“शुअर,” प्रबोध म्हणाला.

“पाय तेवढ्या उंचीचे नाहीत लेह. साडेतीन सेंटिमीटर कमी.” तिने तिसऱ्यांदा मोजलं. टेप प्रामाणिक होती. “एक तर नंबर चुकलाय, नाहीतर तुमचे पाय पूर्ण सरळ होत नाहीयेत. सांधे आखडले असतील तर मी मशीन लावू शकत नाही. हाड मोडेल.”

“सांधे ठीक आहेत,” प्रबोध म्हणाला. “रोज ताणून घेतो. बायको घेते.”

“मग नंबर चुकला?”

प्रबोध छताकडे बघत पडून राहिला. पुढचा माणूस, एक तरुण मलय मुलगा, व्हीलचेअर पुढेमागे करत वाट बघत होता. हुई मिनने घड्याळ पाहिलं. तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर केव्हाच अर्ज परत पाठवला असता.

“राहू दे,” प्रबोध इंग्रजीत म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

चार महिने दंड कमावलेला माणूस. नऊ वर्षं वाट बघितली आणि पंधरा मिनिटांसाठी एवढी यातायात केली, आणि बायकोसमोर एक आकडा बोलायला नको म्हणून तो परत खुर्चीत बसायला तयार झाला. मला त्याचा भयंकर राग आला. मग लक्षात आलं की हा राग माझ्या ओळखीचा आहे. स्टुलाखाली वायर धरून मीही अशीच उभी होते.

“वन सिक्स्टी सिक्स,” मी म्हटलं.

हुई मिनने माझ्याकडे पाहिलं. प्रबोधने पाहिलं नाही.

“एकशे सहासष्ट. इस्पितळाच्या फाइलमध्ये आहे, मी सही केलेली आहे. फॉर्म चुकलाय. मी तपासला होता, चूक माझी.”

“ओके, कॅन,” हुई मिन म्हणाली. तिने माझ्यापुढे टॅब्लेट धरला. मी १७३ खोडून १६६ घातलं आणि बोटाने सही केली. ती पाना घेऊन सांगाड्याचे पाय आखूड करायला लागली. म्हणाली, पाच मिनिटं.

पाच मिनिटं पुष्कळ असतात.

“कधीपासून?” प्रबोधने छतालाच विचारलं.

“अंतरपाट.”

“वरून?”

“खालून. दोन पाट होते.”

“दुसरा आईने ठेवला,” तो म्हणाला. “मी नको म्हणत होतो.”

“किती वेळा म्हणालास?”

“एकदा.”

मग त्याला बांधलं. पट्टे छातीला, कमरेला, मांड्यांना, घोट्यांना. हातात कुबड्या दिल्या. हुई मिन मागे उभी राहिली, एक मुलगा बाजूला. तिने मनगटावरचं बटण दाबलं, मिक्सर हळू फिरवल्यासारखा आवाज झाला, आणि माझा नवरा उठला.

मी कितीतरी वेळा कल्पना केली होती, पण एक गोष्ट डोक्यात आली नव्हती. बसणाऱ्या माणसाला पॅन्ट लांब लागते, म्हणून मी गेली नऊ वर्षं दोन इंच जास्तच घेते. तो उभा राहिल्यावर ती सगळी बुटांवर गोळा झाली. पोट खाली सरकलं, शर्ट मोकळा झाला. इतकी वर्षं मला त्याची टाळू दिसायची, आता चेहरा आला, समोर, जवळजवळ माझ्या पातळीवर. घामाने डबडबलेला होता. ओठ घट्ट मिटलेले होते. तो देखणा आहे, हे मी विसरले होते.

आणि माझा उजवा गुडघा आपोआप सैल पडला. नऊ वर्षांत एकदाही पडला नव्हता, गरजच नव्हती. मी काही केलं नाही, तो स्वतःच वाकला.

प्रबोधने खाली माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

“विनीता,” तो म्हणाला, “सरळ उभी राहा.”

“मी सरळच आहे.”

“अकरा मंगलाष्टकं वाकून उभी होतीस. सप्तपदीला एकदम वाढलीस. आई कानाशी म्हणाली, मुलगी उंच आहे रे. मी म्हटलं, असू दे.” त्याला बोलताना दम लागत होता, एकेक वाक्य सुटं येत होतं. “सरळ उभी राहा ना. मला बघू दे.”

मी सरळ उभी राहिले. त्याला मान जराशी वर करावी लागली. जराशीच.

“कंदील तुला द्यायला हवा होता,” तो म्हणाला. “तुझा हात पोचला असता. मला माहीत होतं.”

“मलाही,” मी म्हटलं.

मग मला रडू आलं, आणि मी रडले, चांगली नाक वाहीपर्यंत. नऊ वर्षं मी ते एकटीने सांभाळलं होतं, आणि तो त्याच घरात, त्याच टेबलापाशी, तेच सांभाळत बसला होता. हुई मिनला वाटलं आनंदाश्रू. तिने शेजारच्या स्टॉलवरच्या उशांच्या कंपनीने फुकट दिलेला टिश्यूचा पुडा पुढे केला आणि आमचा एक फोटो काढला. त्यात आम्ही दोघं उभे आहोत. मी उंच आहे.

“अंकल, सहा मिनिटं राहिली,” ती म्हणाली. “चालून बघणार? सगळे चालतात.”

“नको,” प्रबोध म्हणाला. “उभाच राहतो.”

तो मलय मुलगा व्हीलचेअर थांबवून बघत होता. वरच्या हॉलमध्ये पुन्हा कुठेतरी टाळ्या वाजल्या, बहुतेक उंदरांना. मी नाक पुसलं.

“यंदा दिवाळीत मी लावते,” मी म्हटलं. “तू स्टूल धर.”

“धरतो,” तो म्हणाला.